दांडेकर पूल नेमका कशावर आहे?

पुण्यात 'दांडेकर पुलापाशी ये' असं सांगितलं की माणूस बरोबर सिग्नलला येऊन उभा राहतो. रिक्षावाल्याला खाणाखुणा सांगाव्या लागत नाहीत, पीएमपीच्या कंडक्टरलाही नाही. पण या नावातला पूल कुठे आहे आणि तो कशावरून जातो, असं विचारलं की बरेच जण इकडेतिकडे बघायला लागतात. रस्त्याच्या कडेला कठडा आहे. कठड्याच्या पलीकडे खाली डोकावलं तर दोन भिंतींच्या मधून काळपट पाण्याची एक धार जाताना दिसते. वास येतो, म्हणून सहसा कुणी डोकावत नाही. ती धार म्हणजे आंबिल ओढा. पुणे नावाचं गाव ज्या पाण्यांनी आखून दिलं, त्यांतलं हे एक.

कसबे पुण्याच्या पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबिल ओढा आणि उत्तरेला मुठा, अशी गावाची जुनी सीमा होती. म्हणजे आजच्या भर पेठांतून तेव्हा ओढा वाहत होता. गाव वाढलं तशी त्याची अडचण व्हायला लागली आणि नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तो पश्चिमेकडे वळवला. बांधामागे तळं झालं. तळ्यातल्या बेटावर पुढे गणपती आला. आज तळ्याच्या जागी सारसबाग आहे, लोक भेळ खायला जातात, पण देवाला अजूनही 'तळ्यातला गणपती'च म्हणतात. शहराची स्मरणशक्ती अशी कुठल्या तरी नावात अडकून राहते.

ओढा वळवण्याचं काम काही आजच्या बिल्डरांनी शोधून काढलेलं नाही. ते अठराव्या शतकातही झालं. फरक आहे तो हिशेबाचा. बांध घालणाऱ्यांनी पाण्याला दुसरीकडे जागा दिली, पुराचं पाणी सामावेल असं तळं दिलं आणि त्याच काळात कात्रजच्या तलावातून दगड-चुन्याचा बंदिस्त नळ काढून ओढ्याच्याच पाणलोटातलं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, मोटार नाही; सगळा उताराचा खेळ. वाटेत हवेसाठी आणि सफाईसाठी उच्छ्वास ठेवले, शहरात हौद बांधले. फडके हौद, नाना हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावं पत्त्यांत आजही चालतात. अर्थात या व्यवस्थेचे फार गोडवे गायचं कारण नाही. हौदांवर सगळ्यांना पाणी भरता येत नव्हतं. १८६८ मध्ये महात्मा फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, तो याच पुण्यात. पाणी खेळवण्याची अक्कल होती, वाटण्याची नव्हती, एवढं म्हणून पुढे जाऊ.

पुढे धरणं झाली. खडकवासल्याचं पाणी नळाने घरात आलं आणि ओढ्याशी घरातल्या माणसाचा संबंध संपला. ज्याच्याशी रोजचं काम उरत नाही त्याच्याकडे लक्षही राहत नाही. मग शब्द बदलला. ओढा म्हणजे उन्हाळ्यात आटणारा, पावसाळ्यात दुथडी भरणारा, ज्याच्या काठी करंज-उंबर असतात आणि गुरं पाण्यावर येतात तो. नाला म्हणजे घाण वाहून नेणारा. महापालिकेच्या कागदांवर, टेंडरमध्ये, वर्तमानपत्रांच्या बातम्यांतही 'आंबिल ओढा नाला' असे शब्द येतात. ओढाही आणि नालाही! एकदा नाला म्हटलं की बाकीचं आपोआप होतं. नाल्यात सांडपाणी सोडलं तर वाईट वाटत नाही, नाला बुजवला तर उलट परिसर स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग केलं तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरीचं अभिनंदन होतं.

गावाकडच्या माणसाकडे पाण्याच्या वाटेसाठी शब्दांची कमी नाही. ओघळ, ओहोळ, ओढा, लवण. लवणातल्या जमिनीत कुठलं पीक घ्यायचं आणि घर मात्र तिथे का बांधायचं नाही, हे म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावं लागत नाही. सातबाऱ्यावर ओढ्याखालची जमीन पोटखराब्यात जाते, गावनकाशावर ओढ्याची रेघ असते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली, क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं आणि पुण्याने या बाबतीत बृहन्मुंबईला मागे टाकलं, म्हणून ढोल वाजले. (त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वेगळी काढण्यात आली, तो आणखी वेगळा तमाशा.) गावं आली ती रस्ते, शाळा, नळ आणि मिळकतकरासकट. गावनकाशावरची ओढ्याची रेघ मात्र तलाठ्याच्या कपाटात राहिली.

आता नियम काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे. राज्यात २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. नदीपासून, ओढ्यापासून किती अंतर सोडायचं ते तिच्यात आहे. पण सखल जमिनीतून जाणारा, ठळक काठ नसलेला लहान प्रवाह असेल तर मालकाला तो आपल्या जमिनीच्या आतल्या आत बांधून घेता येतो, वळवता येतो. अट अशी की प्रवाह जमिनीत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा बदलायची नाही आणि काटछेद प्राधिकरणाने ठरवून दिलेला ठेवायचा. कागदावर हे अगदी रास्त वाटतं. एखाद्याच्या प्लॉटच्या मधोमध दोन फुटांची ओघळ जात असेल तर त्याने काय करावं?

गंमत पुढे आहे. एक प्लॉटवाला ओघळ काटकोनात वळवून कुंपणाच्या कडेने नेतो. खालचा प्लॉटवाला ती पाइपात घालतो. त्याच्या खालचा पाइपावर रस्ता करतो. प्रत्येकाची आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जागा तीच, प्रत्येकाची परवानगी रीतसर, प्रत्येकाच्या फायलीवर सही. पण डोंगरावरून सुटलेलं पाणी फाइल बघून वाहत नाही. त्याला पहिला काटकोन लागतो तिथे ते भिंतीवर आदळतं, पाइपाच्या तोंडाशी झाडाची फांदी, गादी आणि थर्माकोल अडकतं, आणि जे पाणी पसरट लवणात गुडघाभर उंचीने निघून गेलं असतं ते एका पार्किंगमध्ये छातीएवढं होतं. वरून डोंगरउतारावर नवं बांधकाम, काँक्रीटचे रस्ते, पेव्हर ब्लॉक. मुरायला जागा नाही, म्हणून पूर्वी तासाभराने येणारं पाणी आता दहा-पंधरा मिनिटांत खाली येतं. या सगळ्या परवानग्या एकत्र मांडून एका ओढ्याची उगमापासून संगमापर्यंत बेरीज करणारं टेबल महापालिकेत कोणतं, हा प्रश्न आहे. बांधकाम परवानगी एका खात्याकडे, मलनिस्सारण दुसऱ्याकडे, पथ विभाग तिसरा, आणि नदीशी संबंध आला की पाटबंधारे खातं, जे महापालिकेचं नाहीच.

ही बेरीज २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याने स्वतःच केली. कात्रजच्या डोंगरावर धुवाधार पाऊस झाला आणि आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी असं करत खाली आला. सीमाभिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, माणसं गेली. शहर आणि परिसरात मिळून मृतांचा आकडा २० च्या वर गेला. यात धरणाचा काही संबंध नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं त्या पुराची पुण्याच्या मनात एवढी दहशत आहे की पूर म्हटलं की पुणेकर धरणाचा विसर्ग विचारतो. २०१९ चं पाणी शहराच्या आतून आलं होतं.

गंमत म्हणा की दुर्दैव, बरोबर वर्षभर आधी, २७ सप्टेंबर २०१८ ला, याच दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी घुसलं होतं. तेव्हा मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली होती. तत्कालीन मंत्र्यांनी त्याचं खापर उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर फोडलं. म्हणजे वर्षाच्या आत एकाच वस्तीने कालव्याचं पाणीही घरात बघितलं आणि ओढ्याचंही. भांडी वाळत घालण्याची तिथल्या बायकांची रीत तरी पक्की झाली असेल.

२०१९ च्या महापुरानंतर महापालिका कामाला लागली, नाही असं नाही. सीमाभिंती, कल्व्हर्ट रुंद करणं, गाळ काढणं, खोलीकरण. पण २४ जून २०२१ ला जे झालं त्यातून या कामाची दिशा कळते. दांडेकर पुलाजवळ ओढ्याचा प्रवाह सरळ करण्यासाठी काठच्या वस्तीतली घरं पाडायला यंत्रणा भर पावसाळ्यात, करोनाच्या काळात, जेसीबी घेऊन उतरली. लोक रस्त्यावर आले, आंदोलन पेटलं, न्यायालयाकडून स्थगिती आली. ओढ्याच्या काठावर घर असू नये हे खरं. पण काठावर घरं फक्त पत्र्याची नसतात. वरच्या बाजूला ओढ्याला चिकटून सात मजल्यांच्या इमारती आहेत, त्यांना भोगवटा पत्र आहे, बाल्कनीत तुळस आहे. त्यांच्याकडे जेसीबी जात नाही. ओढा रुंद करायचा तो गरिबाच्या घराच्या बाजूने, हे सूत्र जोवर आहे तोवर वस्तीतल्या माणसाने पूररेषेवर विश्वास का ठेवावा?

पूररेषांचंही एक प्रकरणच आहे. मुठेच्या दोन रेषा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुण्यात निळी ६० हजार क्युसेकला आणि लाल एक लाखाला धरलेली आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजारांच्या आसपास गेला आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत तळमजले बुडाले, लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. ३५ हजार! निळ्या रेषेच्या हिशेबाच्या जेमतेम निम्म्यापेक्षा थोडं जास्त. नकाशावर नदीत जेवढं पाणी मावतं तेवढं प्रत्यक्षात मावेनासं झालं आहे, एवढाच याचा अर्थ. मधली जागा भरावाने खाल्ली. राडारोड्याचे डंपर रात्री नदीपात्रात रिकामे होतात हे सिंहगड रस्त्यावरच्या कोणत्याही चहावाल्याला माहीत असतं; माहीत नसतं ते फक्त पंचनाम्याला. विठ्ठलवाडीपासून महामार्गाकडे नदीपात्रातून नेलेला रस्ता निळ्या रेषेच्या बाहेर घ्या, असं हरित लवादाला २०१३ मध्ये सांगावं लागलं होतं. २५ जुलैच्या त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. हातगाडी पाण्यात जाऊ नये म्हणून ती हलवायला ते गेले होते.

२०२४ च्या त्या पहाटे फोन करायला नगरसेवकही नव्हता. १४ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकांच्या हातात राहिलं. नगरसेवकांनी ओढ्यांचं काय भलं केलं, असा खवचट प्रश्न कुणीही विचारेल आणि तो चुकीचाही नाही. तरी कुठल्या चेंबरची जाळी तुंबते, कुठल्या मोरीत गाळ साठतो, हे प्रभागातल्या कार्यकर्त्याला आणि मुकादमाला माहीत असतं. ते ज्ञान कुठल्याही 'स्मार्ट' डॅशबोर्डवर येत नाही.

दरम्यान नदीकाठ सुधार प्रकल्पाचं काम सुरू झालं. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर. घाट, फिरायच्या वाटा, सायकल मार्ग, बाग. काही भाग झालाही आहे आणि संध्याकाळी लोक तिथे मजेत फिरतात. शहरातल्या माणसाला पाण्याजवळ बसावंसं वाटणं यात वाईट काय आहे? वाईट आहे तो क्रम. आधी सांडपाणी थांबवायचं, ओढ्यांची तोंडं मोकळी करायची, मग काठ सजवायचा, असं कुठल्याही गृहिणीने सांगितलं असतं. इथे बैठकीची खोली आधी रंगवली आणि न्हाणीघराची मोरी तशीच तुंबलेली. ओढे शेवटी नदीलाच मिळतात. नदीच्या काठाला उंच भराव आणि दगडी पिचिंग झालं की पुराच्या वेळी ओढ्याचं पाणी नदीत शिरायला आणखी अडणार, मागे फुगणार, आणि ते कुठे फुगतं ते दांडेकर पुलाला ठाऊक आहे.

सोलच्या चंग्येचॉन ओढ्याचं उदाहरण अशा वेळी हटकून दिलं जातं. तिथे २००५ मध्ये डोक्यावरचा उड्डाणमार्ग पाडून खालचा ओढा उघडा केला, हे खरं आणि धाडसाचंही. पण त्यात खेळणारं पाणी बरंचसं पंपाने आणून सोडलेलं आहे, हे सांगायचं राहतं. पुण्याने उदाहरण घ्यायचंच तर सिंगापूरच्या बिशान बागेचं घ्यावं. तिथे कालांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा होता, अगदी आपल्याकडे आता आंबिल ओढ्याला घालतात तसा. तो फोडून त्यांनी नदीला पुन्हा वळणं दिली, तीन किलोमीटरच्या वर लांबी केली, काठ मातीचे आणि झाडाझुडपांचे ठेवले. २०१२ मध्ये बाग खुली झाली. पाऊस आला की पाणी बागेत पसरतं, लोकांना भोंगा वाजवून बाहेर काढतात, पाऊस ओसरला की पुन्हा मुलं खेळतात. पुराला घराऐवजी मैदान दिलं. सारसबागेच्या जागी तळं होतं तेव्हा पुण्यातही हेच होत होतं, अडीचशे वर्षांपूर्वी.

आणि पेठा, पर्वती, सहकारनगर हे तर झालेलं शहर. होऊ घातलेल्या शहरात काय चाललंय? जून २०२५ मध्ये हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये पावसाचं पाणी असं तुंबलं की समाजमाध्यमांवर त्याला 'वॉटर पार्क' म्हटलं गेलं. मोटारी बुडाल्या, संगणक अभियंते पँट दुमडून चालले. मग पाहणी झाली, अधिकारी आले, नेते पहाटे आले, आणि आढळलं काय, तर ओढे अडवलेले, बुजवलेले, वळवलेले. हिंजवडीत पंचवीसेक वर्षांपूर्वीपर्यंत ऊस आणि भात होता. ओढे कुठे होते हे माहीत असलेली माणसं अजून गावठाणात राहतात. पण जमीन एमआयडीसीची, परवानगी पीएमआरडीएची, वस्ती ग्रामपंचायतीची, रस्त्यावर मेट्रोचं काम आणि पलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द. पाणी या सगळ्यांच्या हद्दीतून एकाच दमात जातं. यंत्रणा मात्र हद्दीच्या दगडापाशी थांबतात.

तेव्हा मागणी काय करायची? नवं महामंडळ नको, नवा आराखडा तर नकोच. आराखड्यांच्या बाबतीत पुणे श्रीमंत आहे. मागणी साधी आणि रुक्ष आहे. विकास आराखड्यात रस्त्याला जे मिळतं ते ओढ्याला मिळावं: नकाशावर ठरलेली रुंदी, सर्व्हे नंबरवार मोजणी आणि जमिनीवर रोवलेले हद्दीचे दगड. १८ मीटर रस्त्याच्या रेषेत कुणाचं जोतं आलं तर परवानगी मिळत नाही आणि मालक टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन जागा सोडतो. ओढ्यासाठीही हेच करता येईल. पूर्ण पाणलोटाचा हिशेब झाल्याशिवाय प्लॉटच्या आत ओघळ वळवण्याची किंवा पाइपात घालण्याची परवानगी बंद ठेवता येईल, आणि स्लॅब टाकून ओढा झाकण्याची तर कायमची. कात्रज, बावधन, सूस, महाळुंगे इथल्या डोंगरउतारांवर पाणी जागच्या जागी मुरवता येईल. लाखभर खर्चाचे छोटे बांध कोट्यवधींच्या भिंतींपेक्षा स्वस्त पडतात, हे पुण्याजवळच्या कुठल्याही पाणलोटाच्या गावात जाऊन बघता येतं. अडचण एवढीच की छोट्या बांधाचं उद्घाटन करायला कुणी येत नाही.

जुन्या शहरात हे अवघड आहे, वादाचं आहे, काही ठिकाणी आता अशक्यही आहे. दर जूनमध्ये तिथे नालेसफाईचा सोहळा होईल. जेसीबीने काढलेला गाळ उचलायला गाडी येणार असते, म्हणून तो काठावरच रचून ठेवलेला असतो, आणि वळवाचा पहिला तडाखा तो गाडीच्या आधी परत आत नेतो. पण समाविष्ट गावांत आणि हिंजवडी-मारुंजी-माणच्या पट्ट्यात अजून मोकळी रानं आहेत, ओढ्याची वळणं डोळ्यांना दिसतात आणि गावनकाशावरची रेघ जमिनीवर जुळवून दाखवणारी माणसं हयात आहेत. पाऊस ऑक्टोबरात संपतो. पिकं निघाली की शिवारात चालता येतं, साखळी टाकता येते, दगड रोवता येतात. मोजणीला नोव्हेंबर ते मे असे सात महिने मिळतात.